स्वस्त अँपचा रिव्हर्ब

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गिटारवरचा लेख वाचला, छान होता, पण 'स्वस्त ट्यूब अँपचा रिव्हर्ब बेकारच असतो, महागडाच घ्या' हे काय पटलं नाही बुवा. (ट्यूब अँप म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर, आणि रिव्हर्ब म्हणजे आवाजाला येणारा घुमारा.) माझ्याकडं पण तसलाच सेकंडहँड अँप आहे, रिव्हर्ब वाढवला की पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा आवाज. खरं दुखणं स्प्रिंगच्या टाकीत (घुमारा तयार करणारा, आत स्प्रिंगा ताणलेला लांबट डबा) असतं, या अँपमधे जागा वाचवायला ९ इंची टाकी बसवतात आणि १९६० च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या मोठ्या अँपमधे ती १७ इंची असायची, लांब स्प्रिंगमुळं आवाजाची शेपूट लांब आणि मऊ येते, एवढंच.

मी टाकीच बदलली. दोन आरसीए पिना (ऑडिओ केबलच्या असतात तसल्या) काढायच्या, नवीन टाकीत लावायच्या, सोल्डरिंग पण नाही. फक्त इनपुट-आउटपुटचा इंपिडन्स (विजेला होणारा अवरोध) जुन्याइतकाच पाहिजे, नाहीतर रिव्हर्ब एकतर ऐकूच येत नाही किंवा फाटतो. (दुकानदारानं मला पहिल्यांदा चुकीचीच दिली होती, दोन चकरा झाल्या.) बसवल्यावर हम (घूंऽऽ असा आवाज) यायला लागला, टाकी उलटी फिरवून आउटपुटची बाजू पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेली तर बराच गेला. आणि खाली जाड फोम ठेवा, नाहीतर स्पीकरच्या हादऱ्यानं स्प्रिंगा खणखणतात.

आत चासीला (सर्किट बसवलेल्या धातूच्या सांगाड्याला) मात्र हात लावू नका, प्लग काढला तरी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधे शेकडो व्होल्ट राहू शकतात, ते काम माहीतगार मेकॅनिकचं.

आपला,
एक वाचक, पुणे