खेळाडू मुलांना प्रश्न विचारा

शालेय स्पर्धांसाठी वैद्यकीय दाखला सक्तीचा करावा, अशी मागणी करणारे पत्र (शनिवारचा अंक) वाचले. मागणी रास्तच आहे. पण माझ्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला गेल्या वर्षी असा दाखला दोन मिनिटांत मिळाला, एकही प्रश्न न विचारता. या तपासणीचा गाभा तर प्रश्नच आहेत. पळताना कधी चक्कर आली का, छातीत दुखले का, दम्याचा त्रास आहे का, घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक दगावले का? हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार धडधाकट दिसणाऱ्या मुलातही असू शकतो आणि त्याचा सुगावा अनेकदा या शेवटच्या उत्तरातून लागतो. म्हणून पालकांनी सोबत जावे. आजोबा कशाने गेले, हे 14 वर्षांच्या पोराला कुठून ठाऊक असणार! मग रक्तदाब, नजर, सांधे तपासावेत, उभे करून आणि झोपवून हृदयाचे ठोके ऐकावेत. हे सारे हंगामाच्या सहा आठवडे आधी झाले, तर काही आढळल्यास उपचारालाही वेळ मिळतो. आपल्या पेठांतील तालीम मंडळांनी खेळाडूंची नोंदणी करतानाच ही माहिती पालकांकडून लिहून घ्यावी.

– एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर