जुन्या इंजिनाचा निवाडा मोजमापाने व्हावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुनी, हौसेने सांभाळलेली मोटार धूर सोडू लागली किंवा चढावर दमू लागली, की मालकाला दोन टोकांचे सल्ले ऐकावे लागतात. कोणी म्हणतो, इंजिन संपले, दुसरे बसवा. कोणी म्हणतो, नुसत्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) बदला, गाडी धावू लागेल. दोन्ही सल्ले बहुधा बॉनेटही न उचलता दिलेले असतात. मोजमाप हाती येईपर्यंत हा निर्णय घेऊच नये, आणि मूळ ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा, वाचण्याजोगा निघाला तर तो वाचवावा, असे माझे मत आहे.

गाडी किती चालली, यावरून इंजिनाची अवस्था ठरवणे फसवे असते. अनेक जुन्या गाड्यांचे मीटर पाच आकडी असतात आणि ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतात. त्यामुळे मीटरवरचे चाळीस हजार हे प्रत्यक्षात एक लाख चाळीस हजारही असू शकतात. धूर अधिक बोलका असतो, पण तो वाचता यायला हवा. वेग घेताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) यांच्यावर जातो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच निळा लोट येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीवर. हे दुसरे काम हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवून भागते. काळा धूर बहुतेक वेळा कार्बोरेटरचा असतो, इंजिनाच्या झिजेचा नव्हे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या रिंगा नुसत्या चिकटलेल्याही असू शकतात आणि इंजिन काही काळ नीट चालवल्यावर त्या मोकळ्या होतात. अशी इंजिने घाईने उतरवलेली पाहून वाईट वाटते.

त्यानंतर येते कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणे. इंजिन गरम असावे, सगळे प्लग काढलेले असावेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडा असावा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. एकाच आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. तो दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तर कारण शोधावे. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले आणि आकडा वर गेला, तर गळती रिंगांतून आहे. तो जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) तपासावे. याहून नेमकी चाचणी म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडणे आणि ती कुठून निसटते ते ऐकणे. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट किंवा तडा. इंजिन न उघडता एवढे कळत असताना अंदाजावर विसंबणे मला समजत नाही.

इंजिन खोलल्यावर बोअर वर, मध्ये आणि खाली, तसेच आडवा-उभा मोजावा, कारण तो वरच्या भागात अधिक झिजतो आणि लंबगोल होतो. वर रिंग पोहोचत नाही तिथे जी कड उरते, तिच्यामुळेच नुसत्या रिंगा बदलण्याचा सल्ला महागात पडतो: नवी वरची रिंग त्या कडेवर आदळून तुटू शकते. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर कापून मोठा करून ०.०२०, ०.०३० किंवा ०.०४० इंच मोठे पिस्टन बसवता येतात, काही इंजिनांत ०.०६० पर्यंतही जाता येते, आणि तेही संपले तर बहुतेक ब्लॉकांत स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नवी नळी) घालता येते. म्हणजे बोअर झिजला एवढ्यावरून ब्लॉक टाकाऊ ठरत नाही. क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणारा दांडा, हाही घासून कमी मापाच्या बेअरिंगवर बसवता येतो; मात्र दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काळातल्या पुष्कळ इंजिनांत बेअरिंगचा पांढरा धातू जागेवरच ओतावा लागतो आणि तो ओतणारे कारागीर कमी उरले आहेत, हे आधीच ध्यानात घ्यावे.

हेडचे काम निघालेच असेल तर एक गोष्ट त्याच वेळी उरकावी. शिशाच्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीवर थर धरून तिचे रक्षण करी. ते बंद झाल्यावर ओतीव लोखंडाच्या मऊ बैठका सततच्या वेगात झिजू लागतात, म्हणून तिथे कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात.

इंजिन बदलणे कधी योग्य, तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला असेल, मुख्य बेअरिंगच्या बैठकीतूनच तडा गेला असेल, किंवा सुटे भाग खरोखरच मिळत नसतील तेव्हा. पाण्याच्या जॅकेटवरचा साधा तडा वेल्डिंगशिवाय, टाके घालूनही सांधता येतो. बदली इंजिनाचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे वरच्या सगळ्या चाचण्या त्याच्याही कराव्या लागतात. मग वेळ वाचला कुठे? शिवाय मूळ इंजिनाचा क्रमांक चॅसिसच्या नोंदीशी जुळणे हा जुन्या गाडीच्या ओळखीचा आणि किमतीचा मोठा भाग असतो. किमान तीस वर्षे जुनी आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेली गाडीच ऐतिहासिक मानणारी फिव्हा ही आंतरराष्ट्रीय संघटना मूळ भाग राखण्यावर भर देते, तो याचसाठी.

बदल अटळच असेल तर त्याच कुळातले इंजिन निवडावे, नोंदणीपत्रात नवा क्रमांक रीतसर चढवावा आणि जुना ब्लॉक भंगारात न देता ऑइल लावून गाडीच्या कागदपत्रांसह जपावा. आणि कोणत्याही कामाला होकार देण्यापूर्वी गॅरेजकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, बोअरची मापे आणि क्रँकच्या जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांची) मापे लेखी मागावीत. ती देण्यास जो तयार नसेल, त्याच्याकडे इंजिन उतरवू नये.

आपला विश्वासू,
एक वाचक