एसी गळतोय म्हणजे गॅस संपला असं नसतं

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या नेरुळच्या घरात बेडरूमला दीड टनाचा (टन म्हणजे थंड करायची ताकद, वजन नव्हे) विंडो एसी आहे, जुना आहे पण थंड मस्त करतो. मे महिन्यात तो आतल्या बाजूने गळायला लागला आणि गळायला म्हणजे थेंब थेंब नाही, रात्री दोन वाजता सासूबाई उठल्या तर उशी भिजलेली आणि भिंतीवरून ओघळ थेट प्लगपर्यंत आलेला. माझ्या पोटात गोळाच आला. मेन स्विच बंद केला, खाली बादली ठेवली आणि रात्र हॉलमध्ये काढली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, पुढचं कव्हरसुद्धा न काढता म्हणाला, मॅडम गॅस संपलाय, भरावा लागेल. 2800 रुपये घेऊन गेला आणि पाचव्या दिवशी परत तेच. पैसे गेले याचं वाईट वाटलंच पण जास्त राग याचा आला की शेजारी दोन घरांत विचारलं तर त्यांनाही हेच सांगून पैसे घेतलेले.

अहो, एसीतला गॅस म्हणजे काही स्वयंपाकाचा सिलेंडर नाही की वापरला आणि संपला. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी लीक आहे, ते लीक शोधून, वेल्डिंग करून, नळ्यांमधली हवा ओढून घेऊन मग मशीनवरच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस भरायचा असतो. नुसता भरला तर परत निघून जाणार. आणि विंडो एसीचं सगळं एकाच डब्यात फॅक्टरीतून सील होऊन आलेलं असतं, स्प्लिटसारखे जोड नसतात, त्यामुळे पाणी गळताना दिसलं की पहिला संशय गॅसवर घ्यायचं कारणच नाही.

माझे चुलत दीर बरीच वर्षं याच कामात होते, ते रविवारी आले. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी पिशवीतून गवंड्याची पाणसळ काढली आणि एसीच्या माथ्यावर आडवी ठेवली, एक टोक खोलीकडे, एक टोक बाहेर. बुडबुडा पळाला बाहेरच्या टोकाला. म्हणाले, "वहिनी बघा, बाहेरची बाजू वर आहे, पाणी घरात येणार नाहीतर कुठे जाणार?" गेल्या दिवाळीत रंगकाम करताना एसी काढून परत बसवला होता, तेव्हा लाकडी चौकटीत मागच्या बाजूला जास्तीची पट्टी ठोकलेली. खरं तर बाहेरची बाजू पाव ते अर्धा इंच खाली हवी.

मग दुसरी गोष्ट. मागच्या ट्रेचं पाणी जायचं भोक त्यांनी झाडूच्या काडीने टोकरलं, तर आतून काळा चिकट गोळा निघाला, शेवाळ, धूळ आणि त्यात चक्क कबुतराचं पीस. गोळा सुटल्याबरोबर तुंबलेलं पाणी भसकन बाहेर गेलं. फिल्टर तर मी स्वतः नळाखाली धुतला, जाळीचं भोकसुद्धा दिसत नव्हतं. फिल्टर असा बुजला की हवा कमी जाते, आतल्या थंड कॉइलवर, म्हणजे गॅसच्या नळ्यांच्या जाळ्यावर, बर्फ धरतो आणि मशीन बंद केलं की तो बर्फ वितळून खोलीत पडतो. बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवायचा, चमच्याने किंवा सुरीने खरवडायचा नाही, कॉइल फुटली तर मात्र खरंच गॅस जाईल. हे सगळं करूनही बर्फ धरत असेल आणि खोली थंड होत नसेल तर मग गॅसचं बघावं.

आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे एसीतून पाणी निघणारच. मागच्या बाजूने थेंब पडणं आणि आत चुळुक चुळुक आवाज येणं हा बिघाड नाही, बऱ्याच मशीनमध्ये मागचा पंखा ट्रेमधलं पाणी मुद्दाम बाहेरच्या बाजूच्या गरम कॉइलवर उडवतो, त्याने कूलिंगला मदतच होते. घरात पाणी आलं तरच काळजी. चौकटीच्या फटी मात्र बुजवून घ्या, तिथून दमट हवा आत येते आणि अजून पाणी धरतं.

कृपा करून कोणी एकट्याने मशीन सरकवायला जाऊ नका, दीड टनाचं मशीन 50 किलोच्या आसपास असतं आणि खाली माणसं चालतात. आणि पाहणी करायच्या आधी प्लग काढाच, नुसत्या रिमोटने बंद करून चालत नाही.

एसी दुरुस्त करणाऱ्या सगळ्या भावांना हात जोडून सांगते, तुमच्या मेहनतीचे, सर्व्हिसिंगचे पैसे आम्ही आनंदाने देऊ, पण आधी उतार, भोक आणि फिल्टर बघा आणि गॅस भरायचाच असेल तर लीक कुठे सापडलं ते बिलावर लिहून द्या. सोसायट्यांनीही खालच्या मजल्यावर पाणी पडतं म्हणून नुसत्या नोटिसा चिकटवण्यापेक्षा उन्हाळ्याच्या आधी एक दिवस ठरवून सगळ्या विंडो एसींचा उतार तपासून घ्यावा आणि मागच्या भोकाला पाईप लावून तो खालपर्यंत न्यावा. आमच्या कमिटीपुढे मी या रविवारी हा विषय मांडणार आहे, पाणसळ दीर देणार आहेत.

आपली,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई