फुगडी, लेणी आणि वजनाचा काटा

पुणे,
२२ जून

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. साखर काठावर आली आहे, आठ-दहा किलो वजन उतरवा असे डॉक्टरांनी सांगितले, तू जिमचे वर्षभराचे पैसे भरलेस आणि दुसऱ्याच महिन्यात तिकडे जाणे बंद केलेस, हे वाचून मला वाईट वाटण्याऐवजी हसूच आले. पीटीच्या तासाला पोटात दुखते म्हणून वडाखाली बसून राहणाऱ्या सुमनने आरशांच्या बंद खोलीत, भिंतीकडे तोंड करून, सरकत्या पट्ट्यावर रोज चालावे ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती. ‘मी मुलखाची आळशी आहे’ असा निकाल तू स्वतःच देऊन टाकला आहेस; तो मला मान्य नाही. पंचवीस वर्षे वर्गात उभे राहून इतिहास शिकवणारी आणि दर हिवाळ्यात मुलांच्या फौजा घेऊन किल्ले-लेणी पालथी घालणारी बाई आळशी असू शकत नाही. तिला न रुचणारे काम दिले गेले, एवढेच.

‘तू कशी टिकलीस?’ हे तू विचारले आहेस, म्हणून सविस्तर लिहिते. पण त्याआधी थोडा हिशेब, कारण तो कोणी नीट सांगत नाही आणि मग माणसे निराश होतात. सत्तर किलो वजनाची बाई अर्धा तास भरभर चालली तर साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात जवळपास तीनशे असतात. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस नेमाने चालूनही, खाण्यात काडीचा बदल केला नाही, तर एक किलो उतरायला अडीच महिने लागतील. हे ऐकून ‘मग चालायचे तरी कशाला?’ असे म्हणू नकोस. वजन प्रामुख्याने ताटातून उतरते, हे खरे. पण नुसते खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि उतरलेले वजन परत चढू न देण्याचे काम पुढे बऱ्याच अंशी हालचालच करते. साखरेसाठी तर ती वजनाची वाट न पाहता, त्याच दिवसापासून उपयोगी पडते. ताटाचे तू बघशीलच. भाताची दुसरी वाढ आणि चार वाजताच्या चहाबरोबरची खारी यांच्याविषयी मी काही बोलणार नाही.

या हिशेबातून मला उमगलेली गोष्ट अशी की, ज्या श्रमाचे फळ काट्यावर इतक्या सावकाश दिसते तो श्रम काट्याकडे बघत करता येत नाही. ताटही आवरले तर पहिल्या दोन महिन्यांत वजन भराभर उतरते आणि मग काटा एका जागी रुतून बसतो. तो सगळ्यांचाच बसतो, कारण हलके झालेले शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते. नेमक्या त्याच वेळी केवळ वजनासाठी चालणारी माणसे घरी बसतात. तेव्हा असे काही निवडावे की वजन तसूभरही हलले नाही तरी ते आपण केलेच असते.

माझ्या बाबतीत ते काम मंगळागौरीने केले. आमच्या शेजारणीच्या गटात एक बाई कमी पडत होती आणि फुगडीला जोडी हवी होती, म्हणून तिने मला ओढून नेले. लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी आपणही पुजलेली मंगळागौर, पण रात्रभर जागून खेळणे आपल्या वाट्याला किती आले? सासूबाईंच्या पिढीने खेळले, आपण टीव्ही पाहिला. आता मात्र पुण्या-ठाण्यात या खेळांचे रीतसर गट आहेत. बायका नऊवारी नेसून हॉलमध्ये, सोसायट्यांमध्ये कार्यक्रम करतात आणि त्याचा सराव श्रावणाच्या कितीतरी आधी सुरू होतो. आमचा सराव मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी असतो.

तुला वाटेल, फुगडीत काय एवढे? दोघींनी हातांची अढी घालून एकमेकींचे हात घट्ट धरायचे, पायांचे चवडे जवळजवळ भिडवायचे, अंग मागे झोकून द्यायचे आणि चवड्यांवर गरगर फिरायचे. नवखी बाई दोन गोष्टी हमखास करते. ती भीतीने कोपरांत वाकते, त्यामुळे फुगडीचा तोल जातो. आणि ती जमिनीकडे बघते, त्यामुळे तिला चक्कर येते. हात ताठ हवेत, वजन मागे हवे आणि नजर समोरचीच्या चेहऱ्यावर खिळलेली हवी. मग सगळी खोली फिरते आणि तेवढा एक चेहरा स्थिर राहतो. मिनिटभरात पोटऱ्या, मांड्या, दंड आणि पोट अशी सगळी मंडळी जागी होतात. जोडी वजनाने सारखी असावी लागते. माझे वजन पाच-सहा किलोंनी उतरल्यावर माझी जोडीदारीण बदलावी लागली, आणि माझ्या वजन उतरण्याविषयी आजवर तेवढी एकच तक्रार आलेली आहे.

झिम्म्यात वाकणे-उठणे भरपूर, पिंग्यात कंबर घुमते, सूप नाचवताना खांदे भरून येतात. श्रम पुरेसे होत आहेत की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण डॉक्टर सांगतात: बोलता यावे, पण गाता येऊ नये. मंगळागौरीत तर नाचता नाचता गायचे असते! आमच्याकडे ढोलकीजवळ दोघी-तिघींना केवळ गाण्यासाठी बसवतात त्यामागचे खरे कारण हेच. एरवी तिसऱ्या ओळीपर्यंत सगळ्यांचे सूर धापेत विरघळतात.

मधले सहा-सात आठवडे माझाही काटा हलेना. पण तेव्हा आमचा कार्यक्रम तोंडावर आला होता, तवा फुगडी बसत नव्हती, आणि मी आले नाही तर समोरचीला जोडी नाही हे मला ठाऊक होते. त्या गडबडीत वजन करायचेच राहून गेले. नंतर केले तेव्हा ते उतरलेले होते.

या संदर्भात मला लंडनच्या बसगाड्यांचा तो गाजलेला अभ्यास फार आवडतो. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. त्यांपैकी एकही कंडक्टर ‘व्यायाम’ करत नव्हता. तो तिकिटे फाडत होता. (तुझ्यातल्या चिकित्सक शिक्षिकेसाठी हेही सांगते: पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मुळातच मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही. पण दुसऱ्या कामाच्या ओघात झालेली हालचाल शरीराच्या खाती जमा होते, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी पक्के केले आहे.) हे मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षे जगले.

आता तुझे. तुला गर्दीत नाचायला सांगितले तर तू मला पत्र लिहिणे बंद करशील, म्हणून फुगडीचा आग्रह मी धरत नाही. शिवाय तुझे गुडघे दुखतात; बस फुगडीसारखे उकिडवे बसून खेळायचे प्रकार तुला वर्ज्यच. पण तू ज्या नाशकात राहतेस तिथे पांडवलेणी आहेत, हे तुला मी पुण्यातून सांगावे लागते याचे नवल वाटते. त्रिरश्मी डोंगरावरची ती पायऱ्यांची वाट म्हणजे तुझ्यासाठीच बांधलेला जिना आहे. तू मुलांना घेऊन गेलीस तेव्हा निम्मा वेळ डबे मोजण्यात आणि रांगा लावण्यात गेला असणार. आता दर रविवारी एकटीने, सकाळी लवकर जा आणि एका वेळी एकच लेणे बघ. एकंदर चोवीस आहेत, म्हणजे पाच-सहा महिन्यांची बेगमी झाली. तिसऱ्या लेण्यात सातवाहनांच्या राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या पराक्रमी मुलाचे गुण गाणारा. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांची जंत्री आहे. अठरावे तेवढे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह. या लेखांच्या जुन्या लिपीची, ब्राह्मीची, अक्षरे शिकायची राहून गेली असे तू किती वर्षे म्हणतेस! आठवडाभर घरी पाच-सहा अक्षरे गिरव आणि रविवारी भिंतीवर ती शोध. उन्हाळ्यात दम लागतो म्हणून टाळलेली चढण ‘क’ सापडतो का हे बघण्यासाठी तू निमूटपणे चढशील, याची मला खात्री आहे.

चढताना घाई नको आणि उतरताना तर मुळीच नको, कारण गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जाचते. हातात काठी असू दे, आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते ते सांभाळ. धीर देणारी एक गोष्ट लक्षात ठेव: गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात असे दिसले की एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. म्हणजे तुझे पहिले तीन-चार किलो काट्यावर दिसण्याआधी गुडघ्याला कळतील. ते कळले की हिवाळ्यात रामशेजचा विचार करू. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांना वर्षानुवर्षे दाद न देणारा तो किल्ला चढायला मात्र फार अवघड नाही.

गुडघे फारच कुरकुरले तर पाणी आहे. छातीभर पाण्यात उभे राहिले की शरीराचा निम्म्याहून अधिक भार पाणीच उचलते, आणि त्याच वेळी प्रत्येक पाऊल टाकताना अडवतेही. त्र्यंबक रस्त्यावरच्या महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेची चौकशी कर. पोहता येण्याची गरज नाही. उथळ बाजूला या काठापासून त्या काठापर्यंत नुसते चालायचे. आमच्या गटातल्या एकीने साठीत असेच सुरू केले आणि आता ती आम्हांला पोहण्यावर भाषणे देते, ते मात्र सोसावे लागते.

जेवणानंतरची शतपावली हे आपल्या आज्यांचे शास्त्र साखरेच्या बाबतीत अगदी खरे ठरले आहे. जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातली साखर कमी उसळते. एकटीला गच्चीत फेऱ्या मारणे कंटाळवाणे होईल हे मला ठाऊक आहे, म्हणून माझा प्रस्ताव असा की रात्री साडेआठला मी तुला फोन करीन. तू तिथे चालायचे, मी इथे चालीन, आणि जी बसून बोलेल तिने दुसऱ्या दिवशी कोणाचीही निंदा करायची नाही. ही शिक्षा तुला जड जाईल.

ताकदीच्या व्यायामाचे थोडक्यात सांगते, कारण त्यात मलाही फारशी गोडी नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारे काही करावे असे सांगते. सूर्यनमस्कार घाल असे तुला दहा जणांनी सांगितले असेल. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत नेले आणि प्रकार उत्तमच आहे, पण तुझ्या गुडघ्यांना सध्या सोसेल असे वाटत नाही. त्याऐवजी खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे आणि ओट्याला हात टेकून तिरके जोर काढणे, एवढे कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत उरकता येते. यात आनंद शोधत बसू नकोस, तो नाही. कंटाळा फक्त एवढ्यापुरताच ठेवायचा.

आणि रोज काट्यावर चढू नकोस. महिन्यातून एकदा शिवणाच्या डब्यातली टेप काढून कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी ती ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे मानतात, आणि वजन थांबलेले असतानाही पुष्कळदा कंबर उतरत असते. चढण सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचार. साखरेची गोळी सुरू झालीच तर रिकाम्या पोटी डोंगर चढू नकोस, पिशवीत दोन खजूर ठेव.

आमचा पहिला कार्यक्रम श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी आहे. तू आलीस तर प्रेक्षकांत बस, कोणी ओढणार नाही, असे वचन देते. शेजारणीच्या वतीने मात्र देता येत नाही. येताना ब्राह्मीची वही आण, आपण दोघी कार्ल्याला जाऊ. तिथेही पायऱ्या बऱ्याच आहेत, पण चैत्यगृहातल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावे तू मला वाचून दाखवशील तर मी तुझ्या चालीने चढेन.

अविनाशरावांना नमस्कार सांग. चि. सईला अनेक आशीर्वाद. येत्या रविवारी कोणत्या लेण्यात गेलीस आणि कोणती अक्षरे सापडली, ते उलट टपाली कळव.

तुझी,
माधुरी