सालामांका अर्ध्या दिवसात उरकू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वर्धा, यवतमाळ, अमरावतीच्या खेड्यापाड्यांतून आता मुले शिकायला युरोपात जातात आणि मागोमाग आईवडीलही पंधरा दिवस, महिनाभर जाऊन येतात. त्यांच्या हाती जे सहलीचे पत्रक पडते त्यात स्पेनमधल्या सालामांकापुढे 'माद्रिदहून अर्धा दिवस' असे छापलेले असते. प्रवास-पुरवण्यांतही तेच उतरते. हे चुकीचे आहे. या गावाला निदान एक मुक्काम हवा, दोन असतील तर उत्तम. का, ते सविस्तर लिहितो, कारण एवढा खर्च करून गेलेल्या माणसाने विद्यापीठाच्या दारावर कोरलेला बेडूक तेवढा शोधून परत येणे आम्हाला खरोखर सहन होत नाही.

सालामांकाचे विद्यापीठ लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ साली स्थापन केले. त्या वेळी देवगिरीवर सिंघण यादवाचे राज्य होते. आजही सुरू असलेले स्पेनमधले हे सर्वांत जुने विद्यापीठ. जुने गाव १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आधी तिथे पोहोचण्याचे. हॉटेल ठरवताना एक घोटाळा हमखास होतो. माद्रिद शहरातल्याच एका उच्चभ्रू वस्तीचे नावही सालामांका आहे आणि मेक्सिकोतही याच नावाचे शहर आहे. पैसे भरण्याआधी पत्त्यात 'कास्तिया इ लेओन' हा प्रांत लिहिलेला आहे ना, ते पाहावे. माद्रिद ते सालामांका सुमारे २१० किलोमीटर. चामार्तिन स्थानकावरून सुटणारी जलद रेल्वे पावणेदोन तासांच्या आत पोहोचवते, पण अशा गाड्या दिवसात मोजक्याच, म्हणून आरक्षण आधी करावे. बसला अडीच-तीन तास लागतात.

व्हिसाचे नियम सगळीकडे मिळतात, त्यामुळे थोडक्यात सांगतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. शेतकरी कुटुंबाची अडचण मात्र वेगळी असते. आपला पैसा कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर एकदम खात्यात येतो, आणि अर्जाच्या तोंडावर जमा झालेली मोठी रक्कम तपासणाऱ्याला उसनी आणल्यासारखी वाटते. त्या रकमेशी जुळणारी बाजार समितीची हिशेबपट्टी जोडावी. सातबारा जोडायचा असेल तर इंग्रजी किंवा स्पॅनिश भाषांतरासह. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर तिकिटावरचे नाव जुळत नाही.

आता गावाकडे. सालामांका समजून घ्यायची तर सुरुवात दगडापासून करावी. बहुतेक जुन्या इमारती जवळच्या विल्यामायोर गावच्या खाणीतल्या वालुकाश्माच्या आहेत. आपल्याकडे काळा दगड, चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेले की वाळूचा दगड लागतो. विल्यामायोरचा दगड त्याच जातीचा, पण फार बारीक कणांचा. खाणीतून ओला निघतो तेव्हा तो इतका मऊ असतो की कारागिराला लाकडासारखा कोरता येतो. सुकला की कडक होतो आणि त्यातल्या लोहामुळे हळूहळू सोनेरी पडत जातो. एवढी बारीक नक्षी या गावात जागोजागी दिसते ती यामुळेच. त्याचा दोषही यातच आहे. जमिनीतली ओल तो वर ओढतो, क्षार बाहेर येतात, हिवाळ्यात पाणी गोठते आणि पापुद्रे सुटतात. भिंतींचा खालचा भाग झिजलेला दिसला तर त्याचे कारण हे. नक्षीला हात लावू नये, तेही याचसाठी.

सकाळ कॅथेड्रलला द्यावी. इथे दोन कॅथेड्रल एकमेकांना चिकटून उभी आहेत. नव्याचे काम १५१३ मध्ये सुरू झाले आणि १७३३ पर्यंत चालले. तोवर पूजाअर्चा थांबू नये म्हणून बाराव्या-तेराव्या शतकातले जुने पाडले नाही आणि शेवटी ते तसेच राहिले. जुन्यात नव्यातूनच जावे लागते. बहुतेक लोक नव्याच्या उंचीतच वेळ घालवतात. आमच्या मते मोल जुन्याचे जास्त. तिथल्या वेदीमागे पंधराव्या शतकातली ५३ चित्रफलकांची मांडणी आहे, ती दहा मिनिटे तरी बसून पाहावी.

त्याहून चुकवू नये अशी जागा म्हणजे जुन्या कॅथेड्रलच्या चौकातले सांता बार्बाराचे छोटे प्रार्थनागृह. विद्यापीठाची पदवीची परीक्षा इथे होत असे. आदल्या रात्री उमेदवाराला या खोलीत एकट्याला कोंडत. मधोमध एका बिशपची समाधी आहे, तिच्यावर त्याची निजलेली मूर्ती. त्या मूर्तीच्या पायांना आपले पाय टेकवून विद्यार्थी रात्रभर अभ्यास करत बसे. सकाळी परीक्षक भोवतीने बसून प्रश्न विचारत. उत्तीर्ण झालेला पुढच्या मोठ्या दाराने मिरवत निघे, नापास झालेला मागच्या गाड्यांच्या दाराने. गावभर भिंतींवर जी लाल अक्षरे आणि 'व्हीतोर' हे चिन्ह दिसते ती पदवी मिळवणाऱ्यांची नावे आहेत. पूर्वी तो रंग बैलाच्या रक्तात कालवत. ही खोली पाहून बाहेर पडले की त्या भिंती वाचता येतात. आधी पाहिल्या तर नुसते रंगकाम वाटते.

नव्या कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या दारावर, डाव्या हाताला, अंतराळवीर कोरलेला आहे. त्यावरून नाना कहाण्या पसरल्या आहेत. तो १९९२ च्या दुरुस्तीत बसवला गेला. दुरुस्तीच्या काळाची खूण मागे ठेवायची तिथल्या कारागिरांची रीत आहे.

तिथून रुआ मायोर या रस्त्याने पाच-सात मिनिटांवर 'कासा दे लास कोंचास', म्हणजे शिंपल्यांचे घर. भिंतीवर तीनशेहून अधिक दगडी शिंपले आहेत. आत सार्वजनिक वाचनालय आहे आणि चौकात जायला पैसे पडत नाहीत. समोरचे क्लेरेसिया हे जेसुइटांचे चर्च गल्लीतून नजरेत मावतच नाही. लोक मान वर करून थकतात आणि फोटो वाकडा येतो. त्यासाठी शिंपल्यांच्या घराच्या वरच्या सज्ज्यात जावे, तिथून त्याचे दोन्ही मनोरे पूर्ण दिसतात.

दुपारी दोनच्या सुमारास दुकाने आणि बरीच ठिकाणे बंद होतात ती चार-पाचला उघडतात. सोमवारी बरीच संग्रहालये दिवसभर बंद. सकाळी अकराला उतरून तीनला परतणाऱ्या गटाचा निम्मा वेळ असा जातो. आपण त्या वेळात जेवून घ्यावे, कारण जेवणही दोननंतरच मिळते आणि रात्रीचे नऊनंतर. शाकाहारी माणसाने 'मांस नको' एवढेच म्हणून चालत नाही. तिथे कितीतरी लोक सुकवलेल्या डुकराच्या मांसाला मांसात धरत नाहीत. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो' (मांस नको, सुकवलेले डुकराचे मांस नको, मासे नकोत) असे तिन्ही म्हणावे. 'ओर्नासो' ही इथली खासियत बाहेरून गोड पावासारखी दिसते, आत सगळे डुकराचे मांस आणि अंडी. जवळच्या आर्मुन्या भागातली मसूर नावाजलेली आहे, पण तिच्या आमटीतही बहुधा सॉसेज पडलेले असते, तेव्हा विचारूनच घ्यावी. अंडे चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, सगळीकडे मिळते. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे.

विद्यापीठाचे प्रसिद्ध प्रवेशद्वार दुपारनंतरच पाहावे. ते पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सावलीत असते आणि नक्षी सपाट दिसते. उन्हे कलली की प्रत्येक पान, प्रत्येक चेहरा उठून येतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातले हे काम आहे. बेडूक आपल्या उजव्या हाताच्या भित्तिस्तंभावर, कोरलेल्या कवट्यांपैकी एकीच्या माथ्यावर बसला आहे. तो दिसला की परीक्षेत पास, अशी समजूत. तो शोधून झाल्यावर निघू नये, तिकीट काढून आत जावे. इथे शिकवणारे सोळाव्या शतकातले कवी फ्राय लुईस दे लेओन यांची वर्गखोली तशीच राखलेली आहे. ओबडधोबड तासलेले लाकडी ओंडके, एकावर बसायचे, पुढच्यावर लिहायचे. बायबलमधल्या 'गीतरत्न' या काव्याचे लोकभाषेत भाषांतर केले हा त्यांच्यावरच्या आरोपांतला एक. १५७२ ते १५७६ ते धर्मन्यायालयाच्या तुरुंगात होते. सुटून आल्यावर पहिल्या तासाला 'काल आपण म्हणत होतो' अशी सुरुवात त्यांनी केली, अशी आख्यायिका आहे. ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवत वाचणाऱ्या आपल्या माणसाला लोकभाषेची ही किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

प्रवेशद्वारासमोरच्या अंगणाच्या कोपऱ्यात एस्कुएलास मेनोरेस, म्हणजे विद्यापीठाची धाकटी शाळा आहे. तिथे फर्नांदो गाल्येगो यांनी पंधराव्या शतकात रंगवलेले आकाश आहे. मूळ छताचा जेमतेम एक तृतीयांश भाग वाचला. सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक, धनू या राशी आपल्याला नावानिशी ओळखता येतात, शेजारी रथातला सूर्य आणि बुध. खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली आहे. लोक डोकावून 'काही दिसत नाही' म्हणत परततात. पाच मिनिटे उभे राहावे, डोळे सरावले की आकाश उघडते.

वेळ उरला तर सान एस्तेबान मठ. फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या मठात राहत आणि विद्यापीठात शिकवत. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा आपल्या जमिनीवर खराखुरा मालकी हक्क आहे, हे त्यांनी १५३९ च्या व्याख्यानांत मांडले, तेही तो मुलूख स्पेन जिंकत असताना. गडचिरोलीच्या वाचकाने इथे अवश्य थांबावे.

सूर्य मावळण्याआधी तासभर तोर्मेस नदीवरचा रोमन पूल ओलांडून पलीकडे जावे. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या आसपास, डिसेंबरात सहाच्या सुमारास. पुलाच्या गावाकडच्या १५ कमानी रोमन काळातल्या आहेत, बाकीच्या १६२६ च्या पुरानंतर बांधलेल्या. गावाकडच्या टोकाला शिर नसलेला प्राचीन दगडी बैल उभा आहे, पोळा करणाऱ्यांनी त्याच्याजवळ क्षणभर थांबावेच. गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यातही रात्री गारवा असतो, स्वेटर जवळ ठेवावा. जानेवारीत पारा शून्याखाली जातो. पलीकडच्या काठावरून कॅथेड्रलवर तिरपे ऊन पडलेले पाहिले की विल्यामायोरच्या दगडाबद्दल वर एवढे का लिहिले ते कळते.

परतताना प्लाझा मायोर या चौकात बसावे. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला, ८८ कमानींचा. चौरस वाटतो, पण त्याच्या बाजू सारख्या नाहीत. काळोख दाटू लागला की चारही बाजूंचे दिवे लागतात आणि सगळा दगड पेटल्यासारखा होतो. अर्ध्या दिवसाची बस त्या वेळी माद्रिदला कधीच पोहोचलेली असते.

आपले वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ