खुर्च्या गोल मांडण्याविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयाने प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांची जबाबदारी तुझ्यावर सोपवली, हे वाचून मनापासून आनंद झाला; मात्र सोबत जोडलेली बारा महिन्यांच्या बारा व्याख्यानांची यादी पाहून थोडी धास्तीही वाटली. यादीतले विषय चांगले आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दर महिन्याला नवा वक्ता, समोर ओळीने मांडलेल्या खुर्च्या आणि शेवटी घाईघाईने उरकलेले आभारप्रदर्शन, हे सारे मी आमच्या वाचनालयात तीन वर्षे केले आहे. पहिल्या व्याख्यानाला खुर्च्या कमी पडल्या होत्या. वर्ष सरता सरता कार्यकारिणीचे सदस्य आणि वक्त्याचे आप्त एवढेच श्रोते उरले.

कारण मला एका जुन्या सभासदाने सांगितले. गृहस्थ आठवड्यातून दोनदा पुस्तक बदलायला येत, पण कार्यक्रमाला कधी थांबत नसत. देवघेवीच्या टेबलापाशी मी त्यांना सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, “कार्यक्रम चांगले असतात हो, पण तिथे माझे काय काम?” त्या क्षणी मला त्या उत्तराचा थोडा रागच आला होता. पुढे मात्र कोणताही कार्यक्रम ठरवताना मी तोच प्रश्न समोर ठेवू लागलो: येणाऱ्या माणसाला इथे काय काम आहे? नुसते ऐकायचे असेल तर ते तो घरी बसूनही ऐकू शकतो.

म्हणून तुला पहिली सूचना अशी की, आठवड्यातला एक वार ठरवून सामूहिक वाचनाने आरंभ कर. तू सुचवलेला पुस्तकचर्चेचा गट ऐकायला मोहक वाटतो. पण छोट्या वाचनालयात एका पुस्तकाच्या दोन प्रती मिळाल्या तरी पुष्कळ, आणि ज्यांचे पुस्तक वाचून झालेले नसते ते संकोचाने येणेच सोडतात. त्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांत संपेल अशी एखादी कथा घ्यावी, ती तिथेच आळीपाळीने मोठ्याने वाचावी आणि मग बोलावे. आधी काही वाचून येण्याची अट नसल्यामुळे कोणीही, केव्हाही त्यात सामील होऊ शकतो. ज्यांना वाचायचे नाही त्यांना आग्रह करू नकोस. आमच्याकडे एक बाई कित्येक आठवडे केवळ ऐकत बसत. एके दिवशी वाचणाऱ्याला खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी त्याच्या हातातला कागद घेऊन पुढचा परिच्छेद वाचायला सुरुवात केली. त्या दिवसापासून त्या एकदाही चुकल्या नाहीत.

या वाचनासाठी खुर्च्या गोल मांड. हा देखाव्याचा भाग नाही. वय वाढते तसे बहुधा आधी उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. त्यामुळे आवाज कानावर पडतो पण शब्द लागत नाही, आणि त्यात पंख्याची घरघर मिसळली की सारेच अवघड होते. समोरच्याचा चेहरा आणि ओठ दिसत असले तर हेच शब्द पुष्कळसे उमगतात. कथेचे कागद निदान १६ पॉइंटच्या अक्षरात छापून घे आणि दिवे आधी तपासून पाहा. मी हे सारे पहिल्या वर्षी विसरलो होतो, आणि लोक कंटाळून गेले असे समजत राहिलो. प्रत्यक्षात त्यांना नीट दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते.

तुझ्या यादीतले ‘मोबाइल आणि सुरक्षितता’ हे व्याख्यान मी असतो तर काढून टाकले असते. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही, पण ज्याचा अर्ज अर्ध्यावर अडकला आहे त्याला व्याख्यान नको असते, शेजारी बसणारा माणूस हवा असतो. आठवड्यातून दोन तास ‘अडलेले काम घेऊन या’ एवढीच पाटी लाव आणि एका टेबलाशी दोन खुर्च्या ठेव. नियम मात्र कडक असू देत: मदत करणाऱ्याने दुसऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही, पासवर्ड किंवा ओटीपी विचारायचा नाही आणि पैशांचा व्यवहार स्वतः करून द्यायचा नाही. बोटे त्याचीच चालली पाहिजेत, म्हणजे पुढच्या वेळी त्याला आपली गरज लागणार नाही. सुरक्षिततेचे धडेही याच टेबलावर आपोआप दिले जातात.

हीच रीत दुरुस्तीच्या मेळाव्यांत दिसते. मार्टिन पोस्टमा या डच महिलेने २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. तिथे वस्तू दुकानासारखी ठेवून जायची नसते, दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी बसून हातभार लावायचा असतो. वाचनालयात जागा आणि दोन-तीन जाणकार मिळाले तर हे अवश्य करून पाहा. ‘मानवी ग्रंथालया’बद्दल मात्र मी थोडा साशंक आहे. २००० मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात वाचक पुस्तकाऐवजी माणूस ‘उसना’ घेतो आणि त्याची हकिगत समोरासमोर ऐकतो. कल्पना सुंदर आहे; परंतु जिथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा लहान वस्तीत आपले दुःख उघड करणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कपाटात परत जाऊन बसता येत नाही.

तुमच्या कार्यकारिणीतील काहींचे म्हणणे तू कळवले आहेस की, वाचनालयाचे काम पुस्तके देण्याचे आहे, मेळावे भरवण्याचे नव्हे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले तिसरे त्यांना आठवून दे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कपाटात वर्षानुवर्षे न हललेली पुस्तके कार्यक्रमाच्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर मांडली आणि देवघेव आणखी अर्धा तास चालू ठेवली, तर त्यांतली काही त्याच संध्याकाळी घरोघरी जातात, हे मी पाहिले आहे. युनेस्कोनेही १९४९ च्या आपल्या जाहीरनाम्यात सार्वजनिक ग्रंथालयाला लोकशिक्षणाची जिवंत शक्ती म्हटले होते. अर्थात जाहीरनाम्यांपेक्षा ते रिकामे झालेले टेबलच त्यांना अधिक पटेल.

खरा वाद वेगळाच होईल, त्यासाठी तयार राहा. तुमच्याकडेही एकच दालन आहे आणि तिथे शांतपणे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांचा त्यावर हक्क तुझ्या कार्यक्रमाइतकाच, किंबहुना अधिक जुना आहे. आमच्याकडे एकदा असे एक वृद्ध वाचक वाचन चालू असताना उठून निघून गेले आणि महिनाभर फिरकले नाहीत. चूक आमची होती, कारण आम्ही दारावर सूचनाही लावली नव्हती. वार आणि वेळ ठरलेली असेल तर अशी माणसे सांभाळून घेतात. वाचनालय बंद होण्याच्या वेळेनंतर कार्यक्रम ठेवायचा असेल, तर किल्ली कोणाकडे राहणार आणि ग्रंथपालांचा तो जादा वेळ कसा भरून देणार, हे आधी ठरव. त्यांच्या सौजन्यावर वर्षभर विसंबून राहणे योग्य नाही.

उपस्थितीचा आकडा तुला द्यावाच लागेल, तो देत जा. त्याखेरीज स्वतःच्या वहीत दोन नोंदी ठेव: आज कोण प्रथमच बोलले, आणि मागच्या वेळचे कोण आज आले नाही. दुसऱ्या नोंदीतल्या माणसांची चौकशी करायला विसरू नकोस. एकदा अशाच चौकशीतून आम्हांला कळले की एका सभासदांचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. मग दोघे जण त्यांच्या घरी जाऊन त्या आठवड्याची कथा वाचून आले.

तर तुझ्या बारापैकी तीन व्याख्याने ठेव, बाकीचे वार मोकळे सोड. पहिल्या वाचनाची तारीख ठरली की कळव. मी माझा चष्मा घेऊन येतो, आणि खोकणाऱ्याच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा स्नेही