'कॉम्पॅक्टली' म्हणजे दाटीवाटीने नव्हे

महोदय,

आपल्या पुरवणीतील इंग्रजी शब्दांच्या सदरात 'कॉम्पॅक्टली' या क्रियाविशेषणाचा अर्थ 'दाटीवाटीने' असा दिला आहे. तो चुकीचा आहे. दाटीवाटीत अडचण होते. कॉम्पॅक्टलीमध्ये जागा वाचते, तीही वस्तू कोंबून नव्हे तर नीट बसवून. घडीची छत्री मिटताना पाहा. दांड्याच्या नळ्या एकात एक सरकतात, काड्या सांध्यांत दुमडून दांड्याला लागतात आणि कापड त्यांच्याभोवती गुंडाळलं जातं. ही छत्री 'फोल्ड्स कॉम्पॅक्टली'. तीच अर्धवट मिटून पिशवीत दडपली, तर हा शब्द लागू पडत नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थही एकत्र जोडणे, सांधणे असाच आहे. मराठीत 'आटोपशीर' हा त्याला सर्वांत जवळचा. खच्चून गर्दी असेल तर इंग्रजीत 'डेन्सली', आवळून बांधलं असेल तर 'टाइटली'.

वापरात जास्त घोळ होतो तो वाक्यातल्या या शब्दाच्या जागेचा. मराठीत 'कपडे आटोपशीर भर' म्हणताना क्रियाविशेषण क्रियापदाला खेटून येतं. त्याच सवयीने 'पॅक कॉम्पॅक्टली द क्लोद्स' लिहिलं जातं. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये ते घुसवत नाहीत. 'पॅक द क्लोद्स कॉम्पॅक्टली' हवं. विशेषणासारख्या कृदंताआधी मात्र ते खुशाल येतं: 'अ कॉम्पॅक्टली बिल्ट हाउस'. इथे मध्ये संयोगचिन्ह नको. 'द रूम इज कॉम्पॅक्टली' हे तर चूकच. खोलीचं वर्णन करायचं तर विशेषण लागतं, म्हणजे नुसतं 'कॉम्पॅक्ट'.

उच्चारात जोर 'पॅक्ट'वर द्यावा. बोलताना 'ट' जवळपास गिळला जातो, म्हणून लिहितानाही तो गाळणारे आहेत! पहिल्या अक्षरावर जोर दिलेलं 'कॉम्पॅक्ट' हे नाम करार या अर्थी येतं. ते दिसायला सारखं असलं तरी ते वेगळ्या लॅटिन क्रियापदावरून आलं आहे.

लेखनाबद्दल हा शब्द आला तर 'मोजक्या शब्दांत' म्हणावं, माणसाच्या शरीराबद्दल आला तर 'बांधेसूद'. गणितात मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे 'कॉम्पॅक्टली सपोर्टेड' फंक्शन म्हणजे एका मर्यादित पट्ट्याबाहेर ज्याची किंमत सगळीकडे शून्य असते असं फंक्शन. तो पट्टा हवा तेवढा रुंद असू शकतो, त्यामुळे तिथे 'आटोपशीर' लिहिलं तर विद्यार्थी हमखास फसेल.

आपला,
एक वाचक